"तुम्ही तर किती स्ट्राँग आहात" म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

आदरणीय साहेब, मॅडम, आणि आमच्या जिल्ह्याच्या आरोग्याच्या मीटिंगला जे जे बसतात ते सगळे,

नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात राहते, ब्लाऊज शिवते, वय पन्नाशीला टेकलंय. २०२० साली, म्हणजे बरोबर कोरोनाच्या वर्षी, मला डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गावात अजून त्याला "ती गाठ" म्हणतात, मी पण दोन वर्षं तेच म्हणत होते, आता नाही म्हणत.

पत्र लिहायचं कारण गेल्या ऑक्टोबरमधला कार्यक्रम. ऑक्टोबर हा ब्रेस्ट कॅन्सरचा महिना म्हणून गुलाबी फुगे लावले होते, आम्हा सात-आठ बायकांना गुलाबी रिबीन, शाल आणि नारळ दिला, सर्टिफिकेटवर "कॅन्सर योद्धा" छापलं होतं, आणि माईक देताना कानात सांगितलं की ताई दोनच मिनिटं बोला आणि पॉझिटिव्ह बोला. बोलले मी पॉझिटिव्ह. नंतर स्टेजवरून तुमच्यापैकी एका साहेबांनी सांगितलं की पुढची साथ आली तरी आपण तयार आहोत, बेड आहेत, ऑक्सिजनचे प्लांट बसलेत, आराखडा तयार आहे. चांगलंच आहे ते. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं की साहेब, त्या आराखड्यात आमच्यासारख्या बायकांचं काय लिहिलंय, साथीत ज्यांचं केमो चालू असेल त्यांच्याशी बोलायला कोणी माणूस ठेवलाय का? ते हसले, अगदी प्रेमाने हसले हो, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही तर किती स्ट्राँग आहात, तुम्हाला कशाला काउन्सेलर? ते मनाचं वगैरे नंतर बघता येईल."

शाल घेऊन घरी आले आणि रात्रभर झोप नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. पण "स्ट्राँग" हा शब्द मी २०२० पासून इतक्या तोंडून ऐकलाय ना, की आता तो कोणी उच्चारला की मला कळतं, समोरच्याला पुढचं ऐकायचं नाहीये. म्हणून लिहून देते. वाचताना मध्येच "पॉझिटिव्ह बोला" असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

आधी काय झालं ते.

संक्रांतीच्या सुमारास गाठ हाताला लागली, फेब्रुवारीत बायोप्सी, आणि ११ मार्च २०२० ला नाशिकला पहिली केमो. ती लाल औषधाची, ज्याने लघवीपण लाल होते. गाठ मोठी म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलं होतं, दर २१ दिवसांनी एक. दुसरी केमो १ एप्रिलला होती आणि २४ मार्चला रात्री आठ वाजता टीव्हीवर लॉकडाऊन झाला. एसटी बंद, रेल्वे बंद. त्याच आठवड्यात माझे केस उशीवर यायला लागले, पोरगी दहावीला, तिचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला म्हणून ती खुश, आणि मी मोरीत बसून केस गोळा करतेय की नाली तुंबायला नको.

आमच्या गावापासून नाशिक दोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता धुळे-मालेगाववरून. त्या वेळी मालेगावचं नाव घेतलं तरी लोक लांब सरकायचे. पास काढायचा, गाडी भाड्याने करायची, एका खेपेचे साडेपाच हजार, आणि आग्रा रोडला दोन्ही बाजूंनी माणसं चालतायत, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. एका नाक्यावर पोलिसाने फाईल बघितली तरी त्याला पटेना, कॅन्सरचे कागद दाखवून लोक कुठेकुठे जातात म्हणाला. तेव्हा आमचे हे मला म्हणाले, "दाखव ना." म्हणजे डोक्याचा स्कार्फ काढून दाखव. मी काढला. पोलिसाने मान खाली घातली आणि गाडी सोडली. पोलिसावर माझा राग नाही, तो पण उन्हात उभा होता. नवऱ्यावर मात्र मी वर्षभर रागावलेली होते, त्या एका वाक्यासाठी, आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. आम्ही दोघं एका गाडीत दोनशे किलोमीटर जायचो, दोनशे किलोमीटर यायचो, आणि बोलायचो ते फक्त टोलचं आणि पाण्याच्या बाटलीचं. हे कोणाला सांगायचं असतं? कोणत्या खिडकीवर?

आता माझ्या तक्रारी. नंबर टाकून लिहिणार होते पण एकात एक गुंतलेल्या आहेत.

पहिली तक्रार त्या रोजच्या वाक्याची. टीव्हीवर, पेपरात, तुमच्याच लोकांच्या तोंडी रोज एक वाक्य असायचं, की घाबरून जाऊ नका, मेलेल्यांपैकी बहुतेकांना आधीपासून दुसरे आजार होते. सहव्याधी. हे वाक्य धडधाकट माणसाला धीर द्यायला होतं, मला समजतं. पण तेच वाक्य ज्यांना आजार आहे ते पण ऐकत होते ना! सगळं गाव सुटकेचा श्वास घ्यायचं आणि मी ताटावरून उठायचे. कोणाला फोन लावावा तर आधी त्या कॉलर ट्यूनमधला खोकला ऐकायचा, मग घंटी. कितीदा तर खोकला ऐकूनच मी फोन ठेवून दिला.

दुसरी तक्रार इकडे आड तिकडे विहीर झाली त्याची. केमो घेतली की पांढऱ्या पेशी कमी होतात, मग कोरोना झाला तर वाचणार नाही. केमो नाही घेतली तर गाठ वाढणार. डॉक्टरांनी हिशोब लावून केमो चालूच ठेवली, पुढची औषधं दर आठवड्याला द्यायची होती ती पण तीन आठवड्यांवर नेली म्हणजे चकरा कमी, आणि ते बरोबरच होतं असं मला आज वाटतं. पण तो हिशोब रोज रात्री मी एकटी परत मांडायचे. ऑपरेशनची तारीख मिळाली तर तीही पुढे गेली, फोनवर एका मुलीने सांगितलं "पुढची तारीख कळवू" आणि कळवायला ३७ दिवस लागले. त्या मुलीलाही काय माहिती असणार. पण ३७ दिवस माझ्या अंगात ती गाठ होती आणि मी दिवसातून पाच वेळा दार लावून हाताने चाचपून बघायचे, वाढली का, वाढली का. शेवटी कातडी लाल झाली चाचपून चाचपून, तर मला वाटलं कॅन्सर कातडीवर आला.

आणि माझ्या एकटीचं नव्हतं हे. देशातल्या ४१ कॅन्सर सेंटरांचा अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट ऑन्कोलॉजी या मासिकात आलाय, भाच्याने मला वाचून दाखवला. मार्च ते मे २०२० मध्ये आदल्या वर्षीच्या मानाने नवीन पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी कमी झाली, फॉलोअपला येणारे ४६ टक्क्यांनी कमी. त्याच २०२० मध्ये भारतात ब्रेस्ट कॅन्सरच्या नव्या केसेसचा अंदाज होता १ लाख ७८ हजार. म्हणजे कॅन्सर लॉकडाऊन पाळत नव्हता, बायका घरी बसल्या होत्या फक्त. किती चुकल्या ते निदान कोणीतरी मोजलं. त्या घरात बसून काय करत होत्या ते कुठे लिहिलंय?

तिसरी. हे मी जरा सविस्तर लिहिते कारण याचं गणित कोणी केलंच नाही. गावाने ठरवलं होतं की बाहेरगावाहून जो येईल त्याने १४ दिवस वेगळं राहायचं. आम्ही नाशिकहून आलो की १४ दिवस. केमो दर २१ दिवसांनी. करा वजाबाकी. सात दिवस मी घरात आणि चौदा दिवस शेतातल्या पत्र्याच्या खोलीत. एप्रिल-मे, खान्देशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पत्रा दुपारी वाजायला लागतो. वर केमोमुळे पाळी अचानक बंद झालेली, अंगातून वाफा निघायच्या, मला वाटायचं ताप आला, ताप म्हणजे कोरोना. थर्मामीटर लावायचं, नॉर्मल. अर्ध्या तासाने परत लावायचं. त्या वाफा पाळी गेल्यामुळे येतात आणि तेव्हा विनाकारण रडू येतं, चिडचिड होते, हे मला कळलं नोव्हेंबरमध्ये, रेडिएशनला, ज्याला आमच्याकडे शेक म्हणतात, तिथल्या रांगेत बसलेल्या एका बाईकडून. आठ महिने मला वाटत होतं की मी वेडी होतेय.

सासूबाई बांधावर डबा ठेवून जायच्या. त्या लांबून हाका मारायच्या, "बरं शे ना व माय?" आणि मी म्हणायचे, "बरं शे." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली २६ एप्रिलला. आखाजीला माहेरी नाही गेले असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं, आईचा शिरपूरकडून फोन, तिला ऐकू कमी येतं, ती ओरडून विचारते "बरं शे ना?" आणि मी पण ओरडून "बरं शे!" सगळ्या गल्लीत बिबडे-पापड चाललेले असताना दरवर्षी पीठ माझ्या हातचं लागायचं. त्या वर्षी मला कोणी बोलावलं नाही, आणि सात दिवसांच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हाही नाही. कोरोनामुळे की कॅन्सरमुळे, मी विचारलं नाही. माझं ताट-तांब्या मात्र वेगळा झाला होता आणि तो कोरोना गेल्यावरही बरेच दिवस वेगळाच राहिला, तेव्हा उत्तर मिळालं.

"बरं शे ना?" हा प्रश्न प्रेमाचाच आहे. पण त्याला उत्तर एकच असतं. दुसरं उत्तर दिलं तर विचारणाऱ्याने काय करायचं?

अख्ख्या त्या वर्षात मला खरा प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, एक सिस्टर. माझ्या उजव्या दंडात केमोची पिक लाईन होती, म्हणजे औषध शिरेत सोडायची बारीक नळी, ती आठवड्याला धुवावी लागते नाहीतर बंद पडते, आणि दर आठवड्याला नाशिकला जाणं शक्यच नव्हतं. नाशिकच्या सिस्टरनी व्हिडिओ कॉलवर शेजारच्या गावातल्या या सिस्टरना शिकवलं. त्या मास्क, फेस शील्ड लावून त्या पत्र्याच्या खोलीत यायच्या. लाईन धुवायला लागतात दहा मिनिटं. त्या अर्धा तास बसायच्या. इंजेक्शनची सिरींज हळूहळू दाबता दाबता विचारायच्या, "काल रात्री किती वाजता झोप लागली? मनात काय येत होतं?" कसं वाटतंय असं नाही, मनात काय येत होतं. आणि मी सांगायचे. मी सांगितलं की विहीर खोलीपासून वीस पावलांवर आहे आणि मी ती पावलं मोजलीत. त्या दचकल्या नाहीत, रडल्या नाहीत, "असं बोलू नये" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आजपासून रात्री दहाला मी फोन करेन, तुम्ही फक्त उचलायचा." आणि केला. रोज. स्वतःच्या मोबाईलवरून, ड्युटीवरून दमून आल्यावर. आमच्या ह्यांनाही त्यांनीच समजावलं, नंतर खोलीची खाट पण दुसऱ्या बाजूला हलवली.

साहेब, मी स्ट्राँग नव्हते. मला फोन येत होता.

तुम्ही दुसऱ्या बायकांना योद्धा म्हणताना हे लक्षात ठेवा, कारण जिला फोन आला नाही ती स्टेजवर दिसत नाही. आमच्या शेकच्या रांगेतली एक होती, चोपड्याकडची. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिला काखेत परत गाठ लागली. तिने घरात सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि कोणाला सांगू नको म्हणाली, कारण दीर ऑक्सिजनवर होता, नवऱ्याचं काम गेलेलं, "आधीच सगळे टेन्शनमध्ये आहेत, त्यात माझं कुठे". मी पण तिला नीट काही बोलू शकले नाही, मला येतच नव्हतं काय बोलायचं ते. तीन महिने तिने ते पोटात ठेवलं. तिचा मृत्यू कोरोनात मोजला नाही, कारण तो कोरोना नव्हता, आणि कॅन्सरमध्ये मोजला असेल. ती खरी कशाने गेली त्याचा कॉलमच नाही तुमच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल की ताई, ते २०२० होतं, कोणालाच काही माहिती नव्हतं. मान्य. २०२० बद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. माझी चौथी आणि सगळ्यात मोठी तक्रार त्याच्या नंतरची आहे.

नंतर एकदा आमच्या आशाताई ओट्यावर आल्या, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा तो सीबॅक फॉर्म भरतात तो घेऊन. तंबाखू खाता का, कमरेचं माप किती, गाठ आहे का वगैरे. शेवटी दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटतं असं किती वेळा झालं? तुमच्याच सरकारी कागदावरचे प्रश्न हे! मी "कधीच नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि जे रडू फुटलं ते थांबेना. आशाताईंनी पेन खाली ठेवलं, पाणी आणलं. दोन्ही प्रश्नांचे मिळून तीनच्या वर मार्क झाले तर पुढे पाठवायचं असं त्यावर आहे. माझे सहापैकी सहा. आशाताई म्हणाल्या, "ताई, पाठवायचं तर आहे, पण पाठवू कुठे?"

पाठवलं एका मोठ्या दवाखान्यात. आठवड्यातून एक दिवस मनाचे डॉक्टर, बाहेर सत्तर-ऐंशी माणसं, माझ्या वाट्याला दोन मिनिटं. झोप येते का, भूक लागते का, ही गोळी महिनाभर. कॅन्सरची फाईल उघडून बघितली नाही. मी तेव्हा टॅमॉक्सिफेन ही कॅन्सरची गोळी घेत होते, ती पाच ते दहा वर्षं घ्यायची असते. नशिबाने फॉलोअपला नाशिकच्या डॉक्टरांना गोळी दाखवली तर त्या म्हणाल्या, ही बंद. फ्लूओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या मनाच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं, दुसरी चालणारी गोळी असते, ती लिहून दिली. म्हणजे बघा, एका डॉक्टरने दुसऱ्याला फोन न केल्यामुळे मी मन बरं करायला गेले आणि कॅन्सरची गोळीच अर्धी वाया घालवत होते. (वाचणाऱ्या बायांनो, यावरून कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा.)

कायदा नाही असंही नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम १८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी मनाचा इलाज मिळण्याचा प्रत्येकाचा हक्क लिहिलाय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस सुरू झालं, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची सरकारी सोय, १४४१६, फुकट नंबर, मी स्वतः चार बायकांना तो लिहून दिलाय. पण त्या नंबरवर बाईने स्वतः फोन करायचा असतो. केमोच्या चौथ्या दिवशी जिला तोंडातल्या फोडांनी पाणी गिळता येत नाही, फोन नवऱ्याच्या खिशात, खाटेशेजारी सासू बसलेली, ती कधी आणि कसा करणार? म्हणून म्हणते उलटा फोन पाहिजे. तिकडून इकडे.

आता जरा माझ्या धंद्याचं सांगते, म्हणजे मागण्या कुठून आल्या ते कळेल. ऑपरेशन झालं ऑक्टोबर २०२० मध्ये, डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी आल्यावर वीस वर्षं ब्लाऊज शिवणारी मी, मला माझंच माप घेता येईना. काढलेल्या बाजूला ब्लाऊजच्या आत घालायचं तयार सिलिकॉनचं स्तन मिळतं ते हजारांत, आणि मागायचं कोणाकडे? मी घरच्या कापसाचं शिवलं. हलकं झालं, चालताना वर सरकायचं, गळ्यापाशी यायचं. बाजरी भरली तर घामाने वास यायला लागला. शेवटी आत मोहरीची छोटी पुरचुंडी आणि भोवती कापूस असं जमलं. वजन दोन्हीकडे सारखं लागतं, नाहीतर खांदा कलतो आणि पाठ दुखते. किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं, पोरगा म्हणाला काकू हे काय आहे, म्हटलं मोहरी आहे, मोज. दोनशे ऐंशी ग्रॅम. बाहेर मास्क शिवायची बचत गटाची ऑर्डर चालू होती, आत मी हे शिवत होते.

मग एकीने दुसरीला सांगितलं आणि बायका यायला लागल्या, एरंडोल, अमळनेर, धुळ्याकडून पण. माप घ्यायला दार लावावं लागतं. आणि दार लागलं की बायका बोलतात साहेब. नवरा जवळ येत नाही ते बोलतात, आणि येतो तर अंधार करून येतो ते पण बोलतात. पोरीला लग्नाआधी सांगायचं की नाही, तिला पण होईल का. माझी पोरगी हेच मला विचारायला तीन वर्षं थांबली होती. एक बाई तर माप न देताच गेली, नुसती तासभर रडून, आणि जाताना म्हणाली पुढच्या मंगळवारी येऊ का? तिथून मंगळवार सुरू झाला. माझ्या मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर आता नऊ नावं आहेत, दर मंगळवारी चार वाजता मी एकेकीला फोन लावते, आणि "बरं शे ना" विचारत नाही.

पण मी शिंपीण आहे. एखादी विहिरीची पावलं मोजतेय म्हणाली तर त्या सिस्टरने काय केलं ते मला आठवतं, त्याच्या पुढचं मला येत नाही. ते येणारं माणूस पाहिजे.

तर मागतेय ते एवढं.

तुमच्या साथीच्या आराखड्यात एक पान आमचं घाला. साथ आली की त्या दिवशी जिल्ह्यात ज्यांचं कॅन्सरचं उपचार चालू आहे त्यांची यादी तयार पाहिजे, आणि प्रत्येकीच्या नावापुढे फोन करणाऱ्या एका माणसाचं नाव पाहिजे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. तारीख पुढे ढकलायची तर "कळवू" असं न सांगता कधीपर्यंत कळवणार ते सांगायचं, आणि का ढकलली ते डॉक्टरने सांगायचं.

केमोच्या पेशंटला गाव वेगळं ठेवत असेल तर २१ मधून १४ गेले किती उरले हे कोणीतरी अधिकाराने गावाला जाऊन सांगायला पाहिजे. आणि केमोला एक नातेवाईक, टेस्ट करून का होईना, आत सोडा. एकटीला चार तास सलाईनखाली बसवू नका.

पिक लाईन धुणं, ड्रेसिंग, आणि ते दोन प्रश्न विचारणं, हे उपकेंद्रावरच्या सिस्टर-आशांना शिकवा. प्रश्न कागदावर आहेतच, ते फक्त नवीन गाठी शोधताना विचारू नका, ज्यांची गाठ निघालीय त्यांना दर महिन्याला विचारा. आणि त्याचे पैसे द्या त्यांना, आमच्या सिस्टरसारखं स्वतःच्या रिचार्जवर नको.

तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव, धुळे, नंदुरबार, कॅन्सरच्या बायकांसाठी एक तरी काउन्सेलर पाहिजे जिला अहिराणी समजते. सातपुड्यातल्या बायकांसाठी पावरी, भिली समजणारी. "माले कसंतरीच व्हई ऱ्हायनं" याचा अर्थ तिला कोणी भाषांतर करून सांगायला लागू नये. मनाच्या डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना एक फोन करावा, नंबर फाईलवर असतो.

आणि गुलाबी कार्यक्रम करा, जरूर करा, पण माईक देताना काय बोलायचं ते सांगू नका.

यातलं काय होणार, काय नाही, आणि कधीपर्यंत, एवढं लेखी कळवा. नाही होणार असं असेल तर तसंही चालेल, कारणासकट. साथीच्या आराखड्यातलं आमचं पान लिहायला बसाल तेव्हा मला बोलवा, मी येईन, आशाताईंना आणि सिस्टरना पण घेऊन येईन, शाल-नारळ नको.

लेखी न कळवता फोनच करणार असाल तर मंगळवारी चार ते साडेपाच सोडून कधीही करा. त्या वेळात माझा लागत नाही.

तुमची,
पारोळा तालुक्यातली एक ब्लाऊजवाली